चार नंबरची माय

"कमले, पदर खोच!" जंगू ओरडला, पण इंजिनाच्या धडधडीत त्याचा आवाज त्याच्या मिशांपलीकडे गेला नाही.

कमला नवीन होती. कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या या जिनिंगमध्ये कामाला लागणाऱ्या प्रत्येक बाईनं पहिल्या दिवशी चार नंबरच्या मशीनला कुंकू लावायचं, असा तिथला रिवाज होता. तिनं बोट कुंकवात बुडवलं, गरगर फिरणाऱ्या दातेरी चाकापुढे भक्तिभावानं वाकली, आणि चाकानं तिचा पदर धरला. जंगूनं डाव्या हातानं तिच्या कमरेला विळखा घालून तिला मागे ओढलं. लुगडं टरकन फाटलं. पदराचा तुकडा चाकाबरोबर फिरला, त्याच्या चिंध्या झाल्या आणि त्या रुईत दिसेनाशा झाल्या.

मग शेजारच्या मशीनवरच्या रुख्मिणीनं हात जोडले.

"मायनं लुगडं घेतलं वं! आता सालभर कोनाकडे पाह्यत नाई ते."

सगळ्यांना हायसं वाटलं. एकीनं कनवटीचा गूळ काढून वाटलासुद्धा. कमला तेवढी फाटका पदर धरून उभी होती.

"बुवा, मायले माहा राग आला काय?"

"तिले रागबिग काई येत नाई," जंगू म्हणाला आणि लगेच जीभ चावली. तो त्या मशीनचा पुजारी होता. पुजाऱ्यानं असं बोलायचं नसतं.

जंगूचा उजवा हात याच चाकात गेला होता, कोपराखालून. हात काही परत मिळाला नाही. त्या दिवशीची रुई गठ्ठ्यात दाबून मुंबईला रवाना झाली होती. आपला हात आता कुठंतरी धोतर होऊन कोणाच्या तरी लग्नात मिरवत असेल, असं जंगू सांगे. कोणी हसलं नाही की स्वतःच हसे.

ही मशीन जागृत आहे, हा शोध मुकादम पुंडलिकरावाचा. मालक मोतीलालशेठ यांना तो ताबडतोब पटला. चूक मशीनची निघाली तर चाकाला जाळी बसवावी लागते, मुकादमाची निघाली तर मुकादम बदलावा लागतो. देवीची निघाली तर नारळावर भागतं. जंगूला काढून टाकण्याऐवजी शेठजींनी त्याला देवीच्या सेवेला ठेवलं, आणि वर्ध्याच्या बाजारात त्यांच्या दयाळूपणाचा बराच बोलबाला झाला. हात होता तोवर तो जंग्या होता. हात गेला आणि जंगूबुवा झाला.

जंगूच्या घरचे देव आर्वीकडच्या जंगलात, साजाच्या झाडाखाली बसत. ते कधीमधी कोंबडी मागत. हात कधी मागितला नव्हता, पण पगारही कधी दिला नव्हता.

सुरुवातीला पूजेपुरती मशीन थांबवत. एक लाकडी दांडा होता. तो ओढला की इंजिनाचा पट्टा बाजूला सरकायचा आणि मशीन उभी राहायची. पण दांड्याला हात लावायचा हक्क एकट्या पुंडलिकरावाचा, आणि पूजा संपेपर्यंत माल अडतो हे त्याच्या ध्यानात आलं. देवी फिरती असतानाच पुजावी, असं मग त्यानं ठरवलं. पुढे सहा नंबरनंही एकदा पट्टा तोडून एका बाईच्या पाठीवर मारला, तेव्हा बायकांनी तिच्यासाठीही नारळ मागितला. शेठजी म्हणाले, एका कारखान्यात एकच देवी परवडते.

कमलाचा पदर गेला त्याच दुपारी शेठजींनी जंगूला गादीजवळ बोलावलं.

"उद्या नागपूरवरून कारखान्याचा इन्स्पेक्टर येऊन राह्यला. तुझा हात पाहील, विचारील. तू काय सांगशील?"

"काय सांगू शेठजी?"

"देवीचा कोप. बस. जादा बात नहीं करना."

संध्याकाळी जिजा, त्याची बायको, दारात बसून कमलाच्या लुगड्याला ठिगळ लावत होती. तीही जिनिंगमध्येच, दोन नंबरवर कापूस टाकायची. तिच्या बोटांइतकी चपळ बोटं तिथं कोणाची नव्हती.

"म्हना ना देवीचा कोप," ती खाली मान घालून म्हणाली. "म्हनाले काय जाते? एका हाताच्या मानसाले कोन ठेवते कामावर? सरकी उचलता येते तुमाले, का गठ्ठा ढकलता येते?"

"कमलीची मान होती वं त्या चाकापाशी."

"पाह्यलं म्या."

"उद्या दुसरी कोनी असंन."

"असंन ना. तुमी सगळ्या दुनियेचे बाप लागून गेले काय?" तिनं दोरा दातांनी तोडला, ठिगळ उजेडाकडे धरून पाहिलं, आणि वाकडं बसलं म्हणून सगळं उसवून पुन्हा शिवायला घेतलं.

इन्स्पेक्टर साहेब तरुण होते. फाटकातच त्यांना हार घातला, हातात नारळ दिला. तो ठेवायला जागा सापडेना, म्हणून ते नारळ काखेत घेऊनच कारखाना फिरले. चार नंबरपुढे थांबले. मशीन फुलांत बुडाली होती. चाक मात्र उघडंच होतं, कुंकवानं लालभडक.

"याला जाळी का नाही?"

"साहेब, देवीले पिंजऱ्यात कोंडनं बरं नाही," शेठजी हळू आवाजात म्हणाले.

साहेबांनी खिशातलं कायद्याचं पुस्तक काढून खरोखरच पानं चाळली. त्यात देवीबद्दल कलम नव्हतं. मग त्यांची नजर जंगूच्या रिकाम्या बाहीवर गेली.

"काय झालं होतं?"

इंजिन चालू होतं, बायकांचे हात चालू होते, पण सगळ्यांचे कान इकडे लागले होते. कमला चार नंबरवर उभी होती. तिच्या पदराला नीट सरळ ठिगळ होतं. दोन नंबरवरून जिजा बघत होती. तिनं डोळ्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

जंगूनं रिकामी बाही पुढे केली.

"साहेब, देवी नाई ते. लोखंड हाय. चाकात रुई गुतली होती. म्या मुकादमाले म्हनलं, थांबवा. ते म्हनले, चालू राहू दे, हातानं काढ. म्या हात घातला. तिनं काई मांगतला नाई साहेब. म्याच देल्ला."

"बुवा!" पुंडलिकराव ओरडला. "डोकं ठिकान्यावर हाय काय तुहं?"

"डोकं हाय, मुकादम. हात नाई."

कोणीतरी फसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी काखेतला नारळ शेठजींच्या हातात परत दिला आणि लिहायला घेतलं. चाकाला जाळी, आणि दांडा ओढायचा हक्क त्या त्या मशीनवरच्या बाईला.

थोड्याच दिवसांत लोहारानं जाळी ठोकली. बायकांना दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग त्या जाळीलाच कुंकू लावू लागल्या. त्याला कोणाची हरकत नव्हती. जाळी फिरत नव्हती.

शेठजींनी जंगूला बोलावलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडं दुःखच होतं.

"देवी नाई, असं तूच म्हनतो. मंग पुजारी कायचा ठेवू?"

जंगूनं कुंकवाचा करंडा गादीपाशी ठेवला आणि तो फाटकाबाहेर पडला.

जिजाला मात्र ठेवलं, तिच्या बोटांपायी. पुंडलिकरावानं दुसऱ्याच दिवशी तिला दोन नंबरवरून उचललं आणि कमलाच्या जागी चार नंबरवर उभं केलं.

"जाय," तो म्हणाला. "तुह्या नवऱ्याची जाळी हाय, तूच सांभाळ."

जंगू आता फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली बसे. कापूस घेऊन आलेले गाडीवान मोजमापाला आत जात. तेवढा वेळ त्यांचे बैल धरायचे, एवढं काम एका हातात मावत होतं. भिंतीपलीकडे कारखाना धडधडत राही. बाकीच्यांना ती एकच धडधड वाटे. जंगूला प्रत्येक मशीन वेगळी ऐकू यायची.

एके दिवशी उन्हं डोक्यावर असताना धडधडीत एकदम भोक पडलं. जिजाची चार नंबर बंद झाली होती.

जंगू उठून उभा राहिला. आतून किंकाळी येते का, ते ऐकू लागला. पाणी प्यायला बाहेर आलेला एक गाडीवान त्याच्याकडे बघू लागला.

"काय झालं, बुवा?"

"काई नाई," जंगू म्हणाला. "रुई गुतली असंन. दांडा ओढला असंन तिनं."

फाटकावरचा चौकीदार तंबाखू मळत होता, मळतच राहिला. कोणी धावलं नाही. कोणी ओरडलं नाही. लिंबाच्या काड्या खाली पडत होत्या तेवढ्या.

मग पट्टा चाकावर चढल्याचा फट् असा आवाज झाला, आणि चार नंबर आधी अडखळत, मग सरळ, बाकीच्या मशीनांबरोबर चालू लागली.

गाडीवान आत निघून गेला. जंगू खाली बसला. बैलांचा कासरा आपल्या मनगटाभोवती गच्च आवळला गेलाय, बोटं काळीनिळी पडलीत, हे तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. सोडवायला दुसरा हात नव्हता. त्यानं मनगट तोंडाशी नेलं आणि दातांनी एकेक वेढा सैल करू लागला.