खाटेखालच्या विटा

पडद्याखालून खाटेचे चारही पाय दिसत होते. पायथ्याच्या पायांखाली दोन-दोन विटा होत्या. उशाकडे एकही नव्हती.

बाहेर बाकांवर बाप आणि मुलगे दाटीवाटीने बसले होते. पडद्याआडून शीरबाबांचा आवाज आला, "डॉक्टर चिरतात, मी शिरेला समजावतो! ऊठ म्हटलं की उठते, बस म्हटलं की बसते. बघा, बसली!"

माझा थोरला भाऊ पडदा सारून बाहेर आला. "गेली! सूज पार गेली!"

"खरंच?" पुढच्या नंबरच्या बापाने विचारलं.

"आठ महिने बघतोय, राव."

आठ महिने! आत दादाचा मुलगा होता. माझ्या या पंधरा वर्षांच्या भाच्याच्या डाव्या अंडकोषावरच्या शिरा फुगल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून वाढ मोजा, डावी बाजू मागे पडली तर ऑपरेशनचं बघू. "मोजलं, सगळं ठीक," असं दादा मला सांगत राहिला. काल भाच्याने दुखतंय म्हणून फोन केला, तेव्हा मीच त्याला तपासायला नेलं. डावी बाजू पाव हिश्शाने लहान भरली. सहा महिन्यांची तपासणी झालेलीच नव्हती, हेही तिथे कळलं. आज रिपोर्ट घेऊन दादाच्या घरी गेले, तर वहिनीने इकडचा पत्ता दिला.

"दादा, घरी कसं बघतोस?"

"तो झोपल्यावर. त्याला उभं करून बघितलं की गुण जातो. बाबांचा नियमच आहे."

"शिरांच्या झडपा नीट मिटत नाहीत, म्हणून उभं राहिलं की रक्त खाली साचतं. आडवं झालं की ओसरतं. पायथा उचलला की आणखी लवकर. पाच मिनिटं उभा कर त्याला, मग बघ."

शीरबाबा बाहेर आले. "ताई, विज्ञान संपतं, तिथे आम्ही सुरू होतो."

"मग तिथे विटा कशाला लागतात?"

बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

दादा आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला, तेव्हा त्याला माझ्याकडे बघवेना. "उभा केला, तर सूज परत आली." मागोमाग भाचा आला. "पप्पा, दुखतंय म्हणून मी किती वेळा सांगितलं!"

"माझ्याशी खोटं का बोललास, दादा?"

"हे शीरबाबा म्हणाले, चिरलं तर तो कधी बाप होणार नाही. घाबरलो गं."

मी बाकांकडे वळले. "आडवं केल्यावर जे जातं, ते उभं करून पुन्हा बघा. माझाही शब्द पडताळल्याशिवाय घेऊ नका."

पुढच्या नंबरचा बाप अर्धवट उठून उभा होता. त्याने दादालाच विचारलं, "आता तुम्ही काय करणार?"

दादाने माझ्या हातातला रिपोर्ट घेतला. मग सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऑपरेशन. पोराचं ऑपरेशन करतोय मी."