यॉर्कच्या तटावरचा बाक

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या दगडी तटावरचा एक जुना लाकडी बाक आहे. तट माझ्याहून कितीतरी शतकांनी मोठा. म्हणून त्याच्यापुढे मी वयाचा तोरा मिरवत नाही.

मी मूळचा ओक झाडाचा. ज्या सुताराने मला घडवलं, तो पहिल्यांदा माझ्यावर बसला, जरा डुलून पाहिलं आणि म्हणाला, "वाईट नाही." आमच्या यॉर्कशायरमध्ये याहून मोठं कौतुक माणूस लग्नातसुद्धा करत नाही. त्या एका वाक्यावर मी उन्हापावसाची कित्येक वर्षं काढली. नंतर माझा रंग उडाला, एक फळी कुरकुरू लागली आणि लोक मला 'तो जुना' म्हणू लागले.

पण मॉडआजी रोज दुपारी यायच्या. तटाच्या पायथ्याशी, माझ्या अगदी समोर, त्यांच्या थोरल्या बहिणीची, ईनिडच्या घराची खिडकी आहे. मॉडआजी इथे बसून थर्मास उघडायच्या, ईनिडबाई तिकडे किटली उचलायच्या आणि दोघी समोरासमोर चहा प्यायच्या. कुणी विचारलंच, की घरातच का जात नाही, तर मॉडआजी म्हणायच्या, "एका खोलीत बसलो की भांडतो बघ. तटावरून आमचं फार छान जमतं."

एकदा नगरपालिकेत तक्रार गेली, की तटाची वाट अरुंद, त्यात बाकापाशी गर्दी होते. ऑल्ड्रॉइड नावाचे साहेब पाहणीला येणार आणि बाक हलवायचा की ठेवायचा ते ठरवणार. मॉडआजींची झोप उडाली. त्यांनी सगळ्या ओळखीच्यांना बजावलं, "उद्या दुपारी या आणि बाकावर बसा. रिकामा दिसला तर गेला म्हणून समजा!"

सगळे आले. वेळेआधी आले. पण मित्रांनो, ही माणसं इंग्लंडची! आपण बसायचं आणि दुसरा उभा, हे त्यांना कसं सोसावं?

"बसा ना, मिसेस प्रॉक्टर."

"छे छे, तुमचा गुडघा दुखतोय. तुम्हीच बसा."

"गुडघा काय, रोजचाच आहे. ह्या बाईंच्या हातात पिशवी आहे बघा."

"पिशवीत नुसता पाव आहे हो!"

मी मधोमध रिकामा आणि भोवती ही सभ्य माणसं दाटीवाटीने उभी. मागून आलेले फिरस्ते विनातक्रार रांगेत थांबले. रांग कशाची, हे कुणीच विचारलं नाही. रांग दिसली की उभं राहायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

साहेब आले. त्यांनी तुंबलेली वाट पाहिली, रिकामा बाक पाहिला आणि मान हलवली. "आजी, गर्दी तर आहेच. आणि वापर शून्य."

मॉडआजींचा चेहरा पडला. पण जन्माची सवय! त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दमलेले दिसता. बसा ना."

"तुम्ही आधी."

"नाही नाही, तुम्ही पाहुणे."

तेवढ्यात खालची खिडकी धाडकन उघडली.

"मॉड! सरकारदरबार मग कर! आधी बूड टेक! चहाचं सरबत झालं इकडे! आणि तो टायवाला कोण उभा आहे? त्यालाही बसव, खांबासारखा आडवा आलाय मला!"

थोरल्या बहिणीपुढे सभ्यता किती टिकणार? मॉडआजी धप्पकन बसल्या. साहेबही बसले, त्यांनाही थोरली बहीण असावी. दोघांच्या मधल्या जागेत पाववाल्या बाईही मावल्या. आणि काय सांगू, वाट मोकळी झाली! रांग पुढे सरकली, फिरस्ते टोप्या उचलत निघून गेले.

साहेबांनी मॉडआजींनी दिलेला आल्याचा केक खाल्ला, चहा प्यायला आणि समोरच्या खिडकीला कप उंचावून दाखवला. मग ते हळूच म्हणाले, "आजी, गर्दी बाकामुळे नाही होत. कुणी बसत नाही म्हणून होते." त्यांनी मला तिथेच ठेवलं. पुढच्याच आठवड्यात माझी कुरकुरती फळी बदलली आणि मला नवं व्हार्निशही लागलं. ते वाळेपर्यंत मात्र कुणी बसेना. तो काळ ईनिडबाईंनी फार मनाला लावून घेतला.

मित्रांनो, बसल्याने बाक झिजतो, हे खरं. पण न बसल्याने तो उचलला जातो. तेव्हा माझी एवढीच विनंती. कुणी 'बसा' म्हटलं, तर पहिल्यांदा खुशाल 'नको' म्हणा, रीत आहे ती. दुसऱ्यांदा मात्र बसा.