सगळ्यात भारी रुकी बॅच

"तुझी बॅच? अरे, तुझ्या बॅचला ग्लव्ह कुठल्या हातात घालायचा ते अजून विचारावं लागतं, आणि तू मला इचिरो शिकवतोस?"

तहसीन मामू एवढ्या जोरात ओरडला की कॅफेटेरियाच्या मल्याळी मालकाने आतून विचारलं, अजून एक कडक देऊ का. ओरडणं आणि ऑर्डर देणं यात शारजाच्या रोल्लामध्ये कोणी फारसा फरक करत नाही.

"शिकवत नाही मामू, कम्पेअर करतोय," झैद म्हणाला. "नीट ऐक. दोन हजार एक. इचिरो आणि पुहोल्स, दोघं एकाच वर्षी अमेरिकेत नवखे. दोन हजार अठरा. ओतानी, अकुन्या, सोतो. त्याच्या आधी एक्कावन्न साल, मेज आणि मँटल. आता या तिन्हींत..."

"एक्कावन्न साली तुझा आजा पण नवखा होता. दाभोळच्या धक्क्यावर. त्याला धर ना मोजायला."

बाकड्यावर बसलेला धनंजय चहा नाकातून येईस्तोवर हसला. झैदचे कान लाल झाले. झैदचे कान लवकर लाल व्हायचे आणि त्यानंतर तो जे बोलायचा त्यामुळे आजपर्यंत त्याची एक शाळा, एक मोबाईल रिपेअरिंगचा कोर्स आणि जिमच्या रिसेप्शनवरची एक नोकरी सुटली होती. शाळा अकरावीत सुटली. सुटली म्हणजे केमिस्ट्रीच्या सरांना त्याने भर वर्गात सांगितलं की फळ्यावरचं इक्वेशन चुकलंय. इक्वेशन खरंच चुकलं होतं. पण ते सांगताना त्याने सरांच्या आईवडिलांचाही उल्लेख केला, त्याची गरज नव्हती.

तर भांडण बेसबॉलचं होतं. शारजात बेसबॉल कोण खेळतं, असं तुम्ही विचाराल. रोल्ला रॉकेट्स खेळतात. नाव ऐकून फसू नका. इंडस्ट्रियल एरियाच्या मागे मोकळी वाळू आहे, तिच्या अर्ध्या भागात टेप गुंडाळलेल्या टेनिस बॉलचं, टेपबॉल क्रिकेट चालतं आणि उरलेल्या अर्ध्यात हे. कोच रॉमेल फिलिपिनो, आठवडाभर प्रिंटिंग प्रेसमध्ये काम करतो आणि शनिवारी खेळाडू शोधतो. खेळाडू कुठून आणणार? बाजूच्या क्रिकेटमधून पळवून. दर हिवाळ्यात नवे चार-पाच यायचे, ती त्या वर्षाची रुकी बॅच. रुकी म्हणजे पहिल्या सीझनचा, कोरा. मामू सगळ्यात पहिल्या बॅचचा. धनंजय कोविडच्या वेळच्या बॅचचा. झैद यंदाचा.

आणि तिन्ही काळातली भारी बॅच कोणती, हे दर शुक्रवारी मिटवल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. अजून एकदाही मिटलं नव्हतं.

"आमची बॅच आजपर्यंत अनबीटन आहे," मामू म्हणाला.

"मामू, तेव्हा यूएईत तुमच्यासमोर खेळायला दुसरी टीमच नव्हती."

"ते त्यांचं दुर्दैव."

"आणि आमची बॅच?" धनंजय म्हणाला. धनंजय गुहागरकडचा, साईटवर एसीच्या डक्टिंगचं काम करतो. "आम्ही मास्क लावून पळालो राव. ऑक्सिजन कमी, धावा तेवढ्याच. तू ते पर्सेंटेज काढतोस ना मोबाईलवर, त्यात मास्कचे पण मार्क धर."

"नुसत्या धावा मोजून नाही चालत, धना दादा. काळ बदलला की ग्राउंड बदलतं, बॉल बदलतो. मामूच्या टायमाला बॉल वाळूत घुसून बसायचा, म्हणून त्यांचे अर्धे होमरन. फिल्डर खणत बसायचे." झैद आता रंगात आला. "बॅच मोजायची ती टिकण्यावर. पुहोल्स बावीस सीझन खेळला. बावीस! पहिल्या वर्षी चमकणारे ढिगाने असतात. नंतर कोण उरलं ते बघायचं."

मामूने चहाचा घोट घेतला, भाच्याकडे नीट बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "टिकण्यावर. हे तू बोलतोयस."

याच्यावर कॅफेटेरियाचा मालकसुद्धा हसला, आणि त्याला मराठी येत नाही.

झैदला हसता आलं नाही, कारण त्याचं खरं दुखणं तेच होतं. परवा पप्पांनी, म्हणजे यूनुसभाईंनी, त्यांच्या ग्रोसरीच्या काउंटरवरून त्याला फायनल सांगितलं होतं. रविवारी रॉकेट्सची मॅच अल ऐनला. त्या टीममध्ये नाव आलं तर हा सीझन संपेपर्यंत खेळ, कोणी काही बोलणार नाही. नाही आलं तर त्याच अल ऐनला चाचाचं पडद्यांचं दुकान आहे, तिथे राहायचं आणि पडदे मापायचे. झैदचा पडद्यांवर काही राग नव्हता. पण अल ऐनला त्याच्या ओळखीचं एकच माणूस होतं, ते म्हणजे चाचा, आणि चाचा दिवसाला साधारण तीन वाक्यं बोलायचा. त्यातली दोन कापडाविषयी.

नऊ जणांच्या टीममध्ये आठ जुने पक्के. नव्यांतून एक घेणार. शनिवारच्या प्रॅक्टिस मॅचला ठरणार.

"उद्या बघाच," झैद उठताना म्हणाला. "उद्यानंतर तुम्ही दोघं स्वतः सांगाल, पंचवीसची बॅच सगळ्यात भारी."

असं बोलून निघताना त्याने ऐटीत काचेचा दरवाजा ढकलला. दरवाज्यावर 'ओढा' असं तीन भाषांत लिहिलेलं होतं.

शनिवारी मॅच रंगली, हे मान्य करायला हवं. झैदने दोन कॅच घेतले. एक तर असा, की कोच रॉमेलने शिट्टी वाजवली. नव्यांपैकी अर्श नावाचा पोरगा बरा खेळत होता, पण बरा म्हणजे नुसता बरा. झैदने मनातल्या मनात त्याला सांत्वनाचे चार शब्दही तयार ठेवले.

शेवटचा डाव. एक धाव हवी होती. एक जण आऊट. धनंजय पहिल्या बेसवर, बॅट झैदच्या हातात. म्हणजे जे दोघं गेली दोन वर्षं बाजूच्याच वाळूत टेपबॉलला जोडीने ओपनिंग करायचे (धनंजय दोन्हीकडे खेळायचा), तेच आता इथे. झैदने धनंजयकडे बघून मान हलवली. धनंजयने हलवली. जमलेली पेअर. एकाच्या हाकेवर दुसऱ्याने डोळे मिटून धावायचं किंवा थांबायचं, विचारायचं नाही.

बॉल आला. झैदने मारला. कडक बसला, पण जमिनीवर, आणि सरळ फिल्डरच्या दिशेने.

आता बेसबॉलचा एक साधा नियम आहे. बॉल असा जमिनीवर मारला की पळायचं. आवडो न आवडो. मारणाऱ्याने पहिल्या बेसवर जायचं, आणि पहिल्या बेसवर जो असेल त्याने जागा खाली करून पुढे सुटायचं. रोल्लातल्या बेडस्पेससारखंच, म्हणजे खोलीतल्या भाड्याच्या खाटेसारखंच ते. नवा भाडेकरू बॅग घेऊन दारात आला की जुन्याने गादी गुंडाळायची, चर्चा नाही. झैदला हा नियम माहीत होता. झैदला एक्कावन्न सालचे नियम माहीत होते. पण ते डोक्याला माहीत होते, आणि घसा टेपबॉलवर वाढलेला.

त्याने हात वर केला आणि जीव खाऊन ओरडला, "रुक! रुक! रुक!"

धनंजय रुकला. दोन पावलं गेला होता, तिथेच खांबासारखा उभा. झैदही उभा, हात वर, ट्रॅफिक पोलिसासारखा. मैदानात एकच माणूस हलत होता, तो फिल्डर. त्याने आरामात बॉल उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, धनंजय खलास. तिथून पहिल्या बेसवर, झैद खलास. तीन आऊट पुरे, मॅच खलास.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. बाजूच्या क्रिकेटमध्येही एक जोडी तेव्हा रन घेत होती. तो आवाज ऐकून त्यातला एक मध्येच थांबला आणि रनआऊट झाला. आता तो बॅट घेऊन इकडे येत होता, कोण ओरडलं ते विचारायला.

 मग मामूचा आवाज आला, मैदानाबाहेरच्या खुर्चीवरून, शांत, सुखी.

"इतकी वर्षं मला वाटायचं रुकी हा इंग्लिश शब्द आहे. आज कळलं, आपलाच आहे. जो रुकतो तो रुकी."

लोक वाळूत बसून हसले. फिलिपिनोंना समजावून सांगितल्यावर ते दुसऱ्यांदा हसले. त्या रनआऊटवाल्यालाही कोणीतरी समजावलं, तोही राग विसरून हसला, हे झैदला सगळ्यात जास्त लागलं. त्याने बॅट वाळूत फेकली. धनंजयवर खेकसला, "मी ओरडलो म्हणून तू थांबलास कशाला? तुला नियम माहीत नाही? चार वर्षं खेळतोयस!"

"तू ओरडलास म्हणूनच थांबलो," धनंजय म्हणाला. "कोच ओरडला असता तर नसतो थांबलो."

झैदने बॅग उचलली आणि मेन रोडकडे चालू लागला. आयुष्यातलं चौथं वॉकआऊट. पहिली तीन जमून गेली होती, त्यामुळे हात बसलेला होता. फक्त शारजाचा मेन रोड शनिवारी संध्याकाळी ओलांडायला तुमचा राग कितीही असला तरी पुरत नाही. गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. फूटपाथवर राग धरून उभं राहावं लागतं. उभं राहिल्यावर माणूस विचार करतो, आणि झैद विचार करायला लागला की त्याला नको ते दिसायचं.

त्याला दिसलं की त्याच्याच हिशेबाने त्याची बॅच वाईट नाही. अर्श टिकेल. नव्यांतला प्लंबर संजयसुद्धा टिकेल, त्याला बॉल दिसत नाही तरी टिकेल. बॅचचं पर्सेंटेज खाली आणणारा एकच होता, तो आत्ता बॅग घेऊन सिग्नलवर उभा.

"अकुन्या!" मागून धनंजयने झैदच्याच यादीतलं नाव घेऊन हाक मारली. तो धापा टाकत होता. "चल. कोच बोलावतोय."

"टीम लागली ना? अर्शला घेतलं ना?"

"घेतलं."

"मग?"

"मग मला काय माहीत. मी डक्टिंगवाला आहे. चल."

कोच रॉमेलचं इंग्लिश आणि हिंदी दोन्ही थोडं थोडं, पण तो ते एकदम वापरायचा म्हणून पुरेसं व्हायचं. त्याने झैदला तिसऱ्या बेसच्या बाजूला नेलं. वाळूत पायाने एक चौकोन काढला.

"रनर इकडे पळत येतो, बॉल त्याच्या मागे. त्याला दिसत नाही. इथे उभा असलेला माणूस त्याला सांगतो, पुढे जा किंवा थांब. बेस कोच. मी दहा वर्षं इथे उभा राहून ओरडतोय. कोणी ऐकत नाही." मग क्रिकेटच्या मैदानाकडे बोट दाखवलं. "तू ओरडलास. तिकडचे पण थांबले."

"म्हणजे मी खेळणार नाही."

"नो. पण बॉल कुठे जातो ते तुला सगळ्यांच्या आधी दिसतं. दोन कॅच बघितले मी. फक्त पुढच्या वेळी, हबीबी, 'गो' पण शिकून ये."

झैदच्या तोंडात जे उत्तर आलं होतं त्यात कोचच्या आईवडिलांचा उल्लेख होता. त्याने ते गिळलं. गिळायला जड गेलं, सवय नव्हती.

रविवारी सकाळी ग्रोसरीत पप्पा अंड्यांचे ट्रे लावत होते. यम्ना, झैदची धाकटी बहीण, काउंटरवर बसून चॉकलेट खात होती.

"टीममध्ये आहे मी," झैद म्हणाला.

"बॅट मिळणार?"

"नाही."

"ग्लव्ह?"

"नाही."

"मग काय मिळणार?"

"टोपी."

"आणि करणार काय?"

"तिसऱ्या बेसजवळ उभा राहून ओरडणार."

पप्पांनी ट्रे खाली ठेवला. "ते तर तू घरीपण करतोस. त्याला टीम कशाला लागते?"

"ही इज सो एम्बॅरसिंग," यम्ना म्हणाली.

झैदचे कान लाल झाले. नेहमीप्रमाणे दरवाजा दिसला. पण तो तिथेच उभा राहिला, अंड्यांच्या ट्रेकडे बघत, आणि म्हणाला, "पप्पा, कोचने मला खेळायला घेतलं नाही. मी काल चुकलो, सगळ्यांसमोर. सगळे हसले. मामूने तर नवीन शब्द काढला. तरी मला जायचंय. बाकी सगळ्या ठिकाणांहून मी स्वतः निघालो ना, इथून नाही निघायचं मला."

पप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. चाचाचे सख्खे भाऊ शेवटी.

"टीम म्हणजे टीम असं मी बोललो होतो," ते अखेर म्हणाले. "टोपीचं काही बोललो नव्हतो. चाचाला सांगतो ग्राउंडवर जायला. तो बघेल, तू टीममध्ये आहेस की गेटवर. तो म्हणाला टीम, तर सीझनभर खेळ. तो म्हणाला गेट, तर त्याच्याच गाडीत बस, पडदे मापायला."

"चाचाला बेसबॉल कळत नाही!"

"तुला तरी कुठे कळतो. काल बघितलं ना सगळ्यांनी."

बाहेर मामूची पिकअप हॉर्न वाजवत होती, मागे टीमच्या बॅगा, आणि खिडकीतून मामू ओरडत होता की पहिली बॅच कधीही लेट नव्हती, यल्ला, चल लवकर, लिहून घे हे कुठेतरी. झैदने त्याला उलट ओरडून सांगितलं की पहिल्या बॅचला जायला जागाच नव्हती तर लेट कुठून होणार. मामूने इंजिन बंद केलं, म्हणजे आता भांडण नीट होणार. धनंजयही मास्कच्या मार्कांचं काहीतरी बोलायला लागला.

"दुवा करा पप्पा," झैद म्हणाला. "चाचाला सांगा लवकर ये आणि कानात कापूस घाल. निघतो मी, निघायलाच हवं आता."