बिब्बा आणि सुई

माझ्या सासूबाई, राहीबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, धार काढायला म्हशीखाली दुसऱ्या कुणाला बसू द्यायच्या नाहीत. पण वर्षभर उजवा गुडघा सुजला आणि त्यांचं उकिडवं बसणंच बंद झालं. कर्जतला संधिवाताची औषधं झाली, गुण आला नाही. नगरच्या डॉक्टर प्रज्ञा म्हणाल्या, "संधिवात असेल, नाहीतर सांध्याचा क्षय. चुकीचं औषध गेलं तर गुडघा कायमचा आखडेल. आतल्या अस्तराचा तुकडा सुईनं काढून तपासू या."

ठरलेल्या सोमवारी तुळशीला पाणी घातलं, माळ ओढली आणि उपाशीच आत्याबाईंना घेऊन एस.टी.त बसले. टेबलावर त्यांनी लुगडं वर सारलं आणि डॉक्टरांचा हात थांबला. गुडघ्यावर नेमक्या सुई घालायच्या जागी काळे फोड आले होते.

"हे काय, आजी?"

"बिब्बा घातलाय. सुईआदी सूज उतरावी म्हून."

"उतरली?"

"न्हाई. कातडं उतरलं."

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. फोडातून सुई घातली तर बाहेरचे जंतू सांध्यात जाणार.

"फोड सुकल्यावर येऊ का?" मी हळूच विचारलं.

"तोवर आतलं हाड झिजेल, ताई." त्यांनी गुडघ्याच्या बाजूला गार मलम लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. "इथली कातडी चांगली आहे. इथून जाऊ."

जागा बधिर केली. एका हातात यंत्र, दुसऱ्यात सुई, नजर मात्र पडद्यावर. राखाडी ढगांतून सुईची पांढरी रेघ तिरकी सरकू लागली. मध्येच थांबली. "शीर आहे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, रेघ मागे आली, थोडी वळून पुन्हा पुढे गेली. माझे ओठ नाम घेत होते, पण डोळे त्या रेघेवरून हलेनात. इतकं एकचित्त होणं मला देवापुढेही साधत नाही.

तांदळाच्या कणीएवढे तुकडे बाटलीत पडले.

"एवढंसंच?" आत्याबाई म्हणाल्या. "यापायी वरीसभर रडले व्हय मी?"

तपासात क्षयच निघाला. औषधं बरेच महिने चालली, आत्याबाई रोज कुरकुरत गोळ्या गिळायच्या. सूज हळूहळू ओसरली. एका सकाळी गोठ्यात गेले तर त्या भिंतीला धरून, दात आवळून खाली बसत होत्या. गुडघा पुरता नाही, पण वाकला.

"बघत काय ऱ्हायलीस?" म्हणाल्या. "धारेची चरवी दे की!"