बैठकीतले करकोचे

गोजरबाई बुलढाण्याहून उंद्रीला परतली त्याला तीन दिवस झाले होते, आणि या तीन दिवसांत तिच्या हातून एक काम धड झालं नव्हतं. वांग्याच्या वाफ्यात सोडायचं पाणी तिनं मेथीत सोडलं. तव्यावर भाकर टाकून दारात जाऊन उभी राहिली, ती करपल्याचा वास आल्यावरच मागं वळली. बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठं जायचं ते कळेना.

शेवटी तिच्या नवऱ्यानं, तुळशीरामनं विचारलंच, "काऊन अशी करून राह्यली? आंगात ताप हाय का?"

"ताप कायचा? शनवारी पेटवतीन ते लोक."

"पेटवू दे ना मंग. त्याहीची चूल हाय, त्याहीचं घर हाय."

"ओली हाय ते अजून! मी एकवीस दिवस सांगतले होते. शनवारपावतर दहा बी नाई होत."

तुळशीराम मळ्यातल्या वाफ्यांकडे गेला आणि मेथीतलं पाणी वळवायला लागला.

चूल तशी सगळ्याच बायका घालतात, पण गोजरबाईनं घातलेली चूल बघायला शेजारणी येत. चुलीच्या तोंडाशी ती पोपटाची जोडी बसवायची, कडेनं कारल्याचा वेल चढवायची, बाजूच्या जोडचुलीला, वैलाला, खालून कासवाचे पाय द्यायची. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ओली माती हातात आली की बोटं आपली आपणच चालायची, आणि बोटं चालत असली की तिचा जीव थाऱ्यावर असायचा. उंद्रीच्या एका लग्नघरी सत्यभामाबाईंनी अशीच एक चूल पाहिली आणि बुलढाण्याला जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणजे भगवंतराव वकील. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती. बुलढाण्यात नवे साहेब, नव्या कचेऱ्या येत होत्या आणि भगवंतरावांची वकिली जोरात होती. त्यांनी नवं घर बांधलं आणि बैठकीच्या भिंतीत इंग्रजी बंगल्यात असते तशी शेकोटी काढली. ते तिला फायरप्लेस म्हणत. रंगराव मिस्त्रीनं विटांचा कोनाडा बांधला, भिंतीतून वर धुराडं नेलं. पण समोरून ते सगळं भट्टीसारखं भकास दिसे. त्याला रूप द्यायला गोजरबाईला बोलावलं होतं.

पहिल्याच दिवशी भगवंतरावांनी तिच्यापुढं एक स्टँपपेपर धरला आणि त्यावरच्या छापावर बोट ठेवलं. "हे सिंह. असे दोन्ही बाजूंना दोन बसव."

गोजरबाईनं आयुष्यात सिंह पाहिला नव्हता. तिनं दोन दिवस खपून एक केला. सत्यभामाबाई बघायला आल्या, पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. "अगं बाई, हा तर आपला बोका झाला!" भगवंतरावही बघत राहिले आणि मिशीत हसले.

गोजरबाईला मात्र हसू आलं नाही. तिनं तो बोका तिथल्या तिथं मोडून घमेल्यात टाकला. "मले जे ठावं नाई ते माह्या हातून होत नाई, सायेब. माह्या मनातलं करू का?"

"काय आहे तुझ्या मनात?"

"करकोचे."

थंडी पडली की उंद्रीच्या हरभऱ्यावर करकोचे उतरत. लांब मानेचे, राखी रंगाचे, थव्यानं. सकाळी त्यांना हाकलायचं काम गोजरबाईकडंच असे, आणि हाकलता हाकलता ती बघत उभी राही. तिनं मातीचे दोन करकोचे करायला घेतले. कोनाड्याच्या दोन बाजूंना दोघांची अंगं, पाय खाली जमिनीत रोवलेले, आणि माना वर वर जात कोनाड्याच्या माथ्यावर चोचीला चोच लावून मिळालेल्या. मानेच्या आत तुराट्या घातल्या, त्यांवर अंबाडीचं सूत गुंडाळलं, त्यावर गावातली पांढरी माती, घोड्याची लीद आणि गव्हाचा भुसा तिंबून थरावर थर चढवले. माती ती उंद्रीहून गाडीत घालून घेऊन आली होती; बुलढाण्याच्या मुरमावर तिचा विश्वास नव्हता.

रंगराव मिस्त्री रोज येऊन उभा राही. "बाई, शिमिट लाव वरून. चार दिवसांत गोटा होते."

"तुया शिमिटले चुलीतला इस्तो सोसत नाई," ती मान न वळवता म्हणे.

काम संपलं त्या दिवशी तिनं भगवंतरावांना बजावलं होतं, एकवीस दिवस आत काडीसुद्धा पेटवायची नाही. मग तीन दिवस नुसत्या गोवरीची धग, मग लाकूड. भगवंतराव कागद चाळत हो हो म्हणाले. पिशवी उचलून ती निघाली तेव्हा ओसरीवर सत्यभामाबाईंनी हळूच सांगितलं, "येत्या शनिवारी चहापानाला बोलावलंय मोठ्या लोकांना. पत्रं गेलीत."

तेव्हापासून तिचा जीव असा उडालेला होता.

शनिवारी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं. "मी जाऊन येतो," तिनं तुळशीरामला सांगितलं.

"बोलावलं हाय का कोणी?"

"नाई."

तुळशीरामनं मळ्यातली वांगी एका फडक्यात बांधून तिच्या हातात दिली. "रिकाम्या हातानं नको जाऊ."

चिखलीला गाडी बदलून ती बुलढाण्याला पोचली तेव्हा दुपार टळत आली होती. दुसऱ्या गाडीत तिला जागा मिळाली होती तरी ती दांडा धरून उभीच होती. वकिलांच्या घरी ती मागच्या दारानं शिरली, वांगी दाराशीच ठेवली आणि थेट बैठकीत गेली.

करकोचे चंदेरी झाले होते. चोचीपासून पायापर्यंत चकचकीत तेलरंग. डोळ्यांच्या जागी लाल ठिपके.

"हे कोणं केलं?"

रंगराव शिडीवर उभा राहून पडद्याचा दांडा ठोकत होता. "मी केलं. ओलीचे काळे डाग दिसून राह्यले होते. सायेब म्हणे झाकून टाक."

गोजरबाईनं मानेवर तळवा ठेवला. वरून गुळगुळीत, पण गारठा आतून येत होता. पाण्याला बाहेर पडायला आता कुठूनच वाट नव्हती. तिनं नखानं रंग खरवडायला सुरुवात केली. दोन पोपडे निघाले असतील नसतील, तोच भगवंतराव आले.

"गोजरबाई! हात काढ. पाच वाजता मंडळी येताहेत."

"सायेब, आत पाणी कोंडलं हाय. पेटवलं तर फुटंन."

"थोडा वेळच पेटवायची आहे. तासभर."

"तासभर कायचा, घडीभर बी नका. त्यात दिवे ठेवा, फुलं ठेवा. पण इस्तो नका घालू, हात जोडतो मी तुमच्या."

तिनं खरोखरच हात जोडले होते. भगवंतरावांनी एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बायकोला हाक मारली. सत्यभामाबाई तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "मी कालपासून सांगते आहे," त्या म्हणाल्या, "माझं ऐकत नाहीत, तुमचं कुठून ऐकतील?" मग तिचे हात नुसते चाळवताहेत हे पाहून त्यांनी तिच्यापुढं निवडायला कोथिंबीर ठेवली. गोजरबाईनं ती निवडली, निवडलेली पुन्हा निवडली, आणि शेवटी चांगली पानं कुठली, टाकायची कुठली ते सगळं एक करून टाकलं.

मंडळी आली. खुर्च्यांचे आवाज, हसणं, कपबशा. गोजरबाई पडद्याआड जाऊन उभी राहिली. भगवंतरावांनी स्वतः वाकून काडी लावली. लाकडं कोरडी होती, पटकन धरली. धूर कुठंही न रेंगाळता सरळ वर गेला आणि सगळ्यांनी वा वा केलं. चंदेरी मानांवर उजेड नाचायला लागला, आणि खोटं कशाला बोला, ते दिसत होतं छान. गोजरबाईला वाटलं, आपलंच चुकलं. मग वाटलं, चुकलंच असू दे, देवा. आणि तेवढ्यात असंही वाटून गेलं की नाही फुटलं तर रंगराव जन्मभर हसेल. आपल्याला नक्की काय हवं आहे तेच तिला कळेना. तिनं पडद्याची कड मुठीत आवळली.

आधी नुसती चरचर ऐकू आली. तेलरंगावर फोड आले, करपट वास सुटला. कुणीतरी रुमाल नाकाला लावला. मग सुतळी बाँब वाजावा तसा आवाज झाला आणि डाव्या करकोच्याची मान मधोमध फुटली. पोळीएवढं एक ढेकूळ उडून थेट सतरंजीवर, कपबशांच्या मधे पडलं. एक बाई किंचाळल्या. सगळे उभे राहिले. भगवंतराव मात्र जिथं होते तिथंच, हातात बशी घेऊन.

गोजरबाई पडदा सारून आत गेली. एवढ्या मोठ्या लोकांपुढं ती कधी गेली नव्हती, पण त्या वेळी तिला ते आठवलंही नाही. "सरका जी मागं, सरका," ती म्हणाली, आणि सगळे सरकले. तिनं चिमट्यानं जळती लाकडं एकेक ओढून लोखंडी घमेल्यात घातली, घमेलं रंगरावच्या हातात दिलं. तो मुकाट्यानं ते अंगणात घेऊन गेला. उजवी मान फुटायच्या आत कोनाडा रिकामा झाला होता.

मंडळी लवकरच उठली. "छान झालं हो घर," असं प्रत्येकानं म्हटलं.

सगळे गेल्यावर भगवंतराव फुटक्या करकोच्यासमोर खुर्ची ओढून बसले. सत्यभामाबाई कपबशा गोळा करत होत्या, गोजरबाई सतरंजीवरची माती वेचत होती. मग भगवंतराव म्हणाले, आणि ते कुणाला म्हणाले ते नीटसं समजलं नाही, "मी वकिलीची उमेदवारी करत होतो तेव्हा एका साहेबाच्या बंगल्यावर कागद घेऊन जायचो. त्याच्या बैठकीत अशीच शेकोटी होती. तो आत बसून सही करायचा. मी दारात उभा. सबंध हिवाळा. आत ये असं कधी म्हणाला नाही."

"लय थंडी असंन," गोजरबाई म्हणाली.

"बोटांना पेन धरवत नसे."

ती उठली. वेचलेलं ढेकूळ तिच्या हातात होतं. त्यातून तुराटीचा तुकडा आणि अंबाडीचं सूत बाहेर आलं होतं, आणि माती आतून अजून काळीओली होती. तिनं ते त्यांच्यापुढं धरलं. "हे पाहा. माती वाईट नोयती. तिले टाइम नाई भेटला."

भगवंतरावांनी ते हातात घेतलं, दाबून पाहिलं. "पुन्हा करशील?"

"करतो. पण पेटवीन मीच. मी म्हणीन तवाच. आन रंग नाई लावायचा."

"रंगरावला काढून टाकतो."

"त्याले कायले काढता? धुराडं त्यानं झाक बांधलं हाय. धूर पाह्यला ना कसा गेला?" हे तिला मनापासून वाटत होतं, पण बोलताना तोंड कडू झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही करकोचे आपल्या हातानं मोडले. उजवा शाबूत होता, तरी मोडला. एक जुना, एक नवा तिला चालणार नव्हता. या खेपेला माना थोड्या जाड धरल्या. थर पातळ दिले, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. आठवड्यातून दोनदा ती उंद्रीहून येई, तळवा लावून बघे, परत जाई. पौष असा गेला. भगवंतराव कोर्टातून आले की आधी करकोच्यांना हात लावून बघत आणि बायकोला सांगत, "पाय वाळले. पोट अजून गार आहे."

माघात तिनं गोवरीची धग दिली. तीन दिवस कोनाड्यासमोर बसून राहिली, कान मातीकडे लावून. चौथ्या दिवशी सूर्य कलताना बाभळीची दोन लाकडं ठेवली आणि पेटवली. कुणाला बोलावलं नव्हतं. वकील, सत्यभामाबाई, ती आणि दाराशी रंगराव. माती तापली, पांढरी होती ती किंचित तांबूस झाली, एका पंखावर केसासारखी बारीक चीर गेली आणि तिथंच थांबली. बाकी काही झालं नाही.

भगवंतरावांनी खुर्ची पुढं ओढली आणि हात शेकले. मग मागं वळून म्हणाले, "गोजरबाई, लांब का उभी? ये, बस इकडं. रंगराव, तूही ये."

ती बसली, पण फार वेळ तिच्यानं बसवलं नाही. ती चीर तिला दिसत होती. "दरसाल दसऱ्याच्या टायमाले हात फिरवावा लागंन," ती म्हणाली.

"दर वर्षी? कायमचं नाही का होत काही?"

"मातीचं हाय, सायेब."

पुढं चार वर्षं ती दसऱ्याला येत राहिली. पाचव्या वर्षी ती मळ्यात घसरून पडली, उजवं मनगट मोडलं, आणि तिला पोचायला दिवाळी उलटून गेली. येऊन बघते तर करकोचे लिंपलेले. सत्यभामाबाईंनी स्वतः माती कालवून हात फिरवला होता. लेप जागोजागी जाड झाला होता, एका पक्ष्याची मान गलगंड झाल्यासारखी फुगली होती, दुसऱ्याचा डोळाच बुजला होता. पण चीर कुठंही नव्हती, आणि आत लाकूड जळत होतं.

"कसं झालंय?" सत्यभामाबाईंनी विचारलं. त्यांच्या कोपरावर अजून वाळलेली माती होती.

"झाक झालं," गोजरबाई म्हणाली. चहा आला तो तिनं अर्धा प्यायला. बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी उठून तिनं डाव्या हाताचं बोट पाण्यात बुडवलं, त्या बुजलेल्या डोळ्यावरून दोनदा फिरवलं, आणि डोळा उघडला तशी लुगड्याला बोट पुसून परत चहाकडे आली. फुगलेल्या मानेकडे तिनं पाहिलं, पण तिला हात लावला नाही.