आठ खिशांची पिशवी

"छताकडे काय बघताय, बाबा? समोर बघा, समोर!"

"मी समोरच बघतोय. तो वर बघतोय."

तो म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरचा माणूस. बाबांनी व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर उजवा अंगठा घट्ट दाबून धरला होता, त्यामुळे तो बिचारा मान वर करून, एका ओसाड आरोग्यधामाचं छत न्याहाळत, भिंतीला धडका देत होता. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्या अंगठ्याने बघायचं. एवढंच होतं. पण सत्तावन्न वर्षं पाय आणि डोळे एकाच हुकमाने चालवलेल्या माणसाची त्यात चांगलीच तारांबळ उडाली होती.

माझा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. मी दुसऱ्या शहरात कृत्रिम दात बनवण्याच्या कामावर आहे. तिथे जिन्यावरून घसरले आणि मनगट मोडलं. एका हाताने वेणी घालता येत नाही, बरणीचं झाकण उघडत नाही, म्हणून सहा आठवड्यांसाठी घरी आले. आले ती हातामुळे, बाबांमुळे नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळावं अशी मी वागले होते.

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या आजारपणात बाबांनी एक दिवसही रजा घेतली नाही. ती गेली तेव्हाही ते कामावर होते. असं का केलंत, हे मला त्यांना विचारायचं होतं, आणि चार वर्षांत आमचं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' याच्या पुढे सरकलं नव्हतं. आता समोरासमोर होतो, तरी जीभ रेटत नव्हती. प्लास्टर निघालं की मी जाणार आणि विचारायचं राहून जाणार, हेही दिसत होतं.

खेळ माझा होता. हात मोडायच्या आदल्या आठवड्यात घेतलेला. इथे आल्यावर आठ दिवस मी नुसती त्याच्या खोक्याकडे बघत बसले. नवव्या दिवशी संध्याकाळी बाबा कामावरून आले, चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "त्याला दोन हातच लागतात ना? माझे घे."

असले भीतीचे खेळ मी पुष्कळ खेळले आहे, त्यामुळे नियम मला पाठ होते. हे खेळ शूर माणसासाठी नसतात.

"मारामारी करायची नाही," मी सांगितलं. "गोळ्या फार थोड्या असतात. शत्रू दिसला की लांब जायचं."

"पळायचं?"

"पळायचंही नाही. पळालं की पावलं वाजतात, तो येतो. वाकून, भिंतीच्या कडेने, हळू."

"मग करायचं काय?"

"जिवंत राहायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे आमच्या खात्यासारखंच आहे की," बाबा म्हणाले आणि सरसावून बसले.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कार्यशाळेत भांडारपाल आहेत. जाळीची खिडकी, तिच्यामागे बाबा, त्यांच्यामागे कपाटं. नळजोडण्या, वॉशर, झडपा, पट्टे. कुणी काही मागायला आलं की ते आधी म्हणतात, "शिल्लक बघतो." त्यावरून कार्यशाळेत त्यांना शिल्लकराव म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्यांना राग येत नाही. शेवटचा नग खिडकीबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज. कुणी गयावया केली तरी नाही. "उद्या मोठी गळती झाली तर?" असं ते विचारतात, आणि आजच्या गळतीखाली बादली ठेवायला सांगतात.

आरोग्यधामात एक लांब हातांचं, बिनचेहऱ्याचं काहीतरी फिरत असतं. पहिल्यांदा ते दाराशी आलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. बाबांना मी कपाटात शिरायला लावलं. फटीतून ते दिसत होतं. प्रत्येक खाटेखाली वाकून बघत होतं.

"न कळवता येतो," बाबा कुजबुजले, "प्रत्येक खोलीत डोकावतो, चकार शब्द बोलत नाही, आणि आम्ही कपाटामागे. अगं, हे तपासणीवाले साहेब आहेत."

मला हसू आलं. त्या घरात मी चार वर्षांनी हसले होते, आणि बाबांनी ते ऐकलं पण वळून बघितलं नाही. तेव्हापासून त्या भुताचं नाव तपासणीवाले साहेबच पडलं.

खरी अडचण पिशवीने केली. पडद्यावरच्या माणसाजवळ आठ खिशांची पिशवी असते. जखमेवरच्या पट्ट्या, टॉर्चच्या बॅटऱ्या, किल्ल्या, बंदुकीच्या गोळ्या, जे सापडेल ते त्या आठांत बसवायचं. ती उघडून दाखवली आणि बाबांचे डोळे चमकले. त्यांना त्यांचं भांडार सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही एका लांबलचक बोळातून चाललो होतो, तर त्यांनी मधेच थांबून पिशवी उघडली आणि पट्ट्या वरच्या ओळीत, बॅटऱ्या खालच्या ओळीत लावायला सुरुवात केली.

"बाबा, बंद करा. बाबा!"

"हे झालंच, एवढी किल्ली इकडे..."

साहेबांनी मागून येऊन काम आटोपलं. पडदा काळा झाला.

"अहो, मी मोजत होतो!" बाबा पडद्यावरच रागावले.

"मग?"

"मग काय? मोजणी चालू असताना खिडकी बंद असते. कुणी येत नाही."

"इथे नाही बंद होत. तुम्ही पिशवीत बघत असता तेव्हाही तो चालत असतो."

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. वर लेखी कळवावं असा त्यांचा चेहरा झाला होता.

मेल्यावर परत कुठून सुरू करायचं, तेही असतं. काही खोल्यांत एक नोंदवही असते. तिच्यात पेन्सिलीने नाव लिहिलं की मेल्यावर तिथून पुढे खेळता येतं. एक पेन्सिल एकदाच चालते. बाबांनी चार पेन्सिली गोळा केल्या आणि एकही वापरली नाही. वही दिसली की ते तिला वळसा घालून पुढे जायचे. "पुढे लागतील." मग मेलो की तास-तासभराची चाल पाण्यात. परत तेच फाटक, तोच जिना. मी दातओठ खायचे, बाबा मात्र शांतपणे पहिल्यापासून चालू लागायचे. रोज संध्याकाळी सहा ते आठ असं चाललं होतं. खरं सांगायचं तर मी दुपारी तीनपासून घड्याळ बघायची, आणि ते मला आवडत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात भडका उडाला. पडद्यावरचा माणूस जखमी झाला होता. एक पाय ओढत होता, पोट धरून वाकला होता, पडद्याच्या कडा लाल झाल्या होत्या.

"पट्टी लावा," मी म्हणाले.

"चालतोय की अजून."

"लंगडतोय."

"लंगडतोय म्हणजे चालतोय. पुढे जास्त लागेल तेव्हा..."

"पाच पट्ट्या आहेत तुमच्याकडे!"

"पाचच आहेत."

कोपऱ्यावर साहेब भेटले. पूर्ण बरा असता तर तो निसटला असता. जखमी होता, एका फटक्यात गेला. या खेळात एक दुष्टपणा आहे: मेल्यावर पिशवी उघडून दाखवतात. पाच पट्ट्या. चार पेन्सिली. सगळं नीट ओळीत लावलेलं.

"एकशे ब्याण्णव," मी म्हणाले.

"काय?"

"आई गेली तेव्हा तुमच्या एकशे ब्याण्णव रजा शिल्लक होत्या. तुमच्या ऑफिसातले ते रजेचं बघणारे काका भेटायला आले होते ना, त्यांनी सांगितलं मला. कौतुकाने! म्हणे, अख्ख्या खात्यात एवढ्या रजा कुणाच्या नाहीत. ती इथे एकटी पडून असायची, बाबा. मी शनिवारी येऊन रविवारी जायची, आणि तुम्ही वॉशर मोजत होतात."

बाबांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. तो सरळ आहे की नाही ते बघितलं आणि थोडा फिरवून पुन्हा ठेवला.

"डॉक्टर दोन वर्षं म्हणाले होते," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"पहिलं वर्ष बरं जाईल म्हणाले. हिंडेल-फिरेल. दुसऱ्या वर्षी उठवावं-बसवावं लागेल, चोवीस तास माणूस लागेल. मी त्या वेळेसाठी ठेवल्या होत्या. शेवटचे सहा महिने मी घरी राहणार होतो. अर्ज लिहून तयार होता, तारीख तेवढी टाकायची होती."

"ती सातव्या महिन्यातच गेली."

"हो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चार वर्षं मी धरून चालले होते की या माणसाला बायकोपेक्षा कपाटं प्यारी होती. आता कळत होतं की ते सगळे दिवस त्यांनी तिच्यासाठीच बाजूला काढले होते. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच वाईट वाटलं, आणि रागही गेला नाही.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"हे तुम्ही सांगायचं असतं."

"हो," बाबा म्हणाले. "सांगायला हवं होतं."

पुढचे तीन दिवस खेळ बंद राहिला. सोमवारी प्लास्टर कापलं. आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, पांढरट, कोरडा. डॉक्टरांनी स्पंजचा एक चेंडू दिला, दिवसातून सहा वेळा दाबा म्हणाले, दहा दिवसांनी कामावर जा.

मंगळवारी सकाळी नऊ वाजले तरी बाबा घरच्याच कपड्यांत. माझ्यासमोर बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते.

"ऑफिस नाही?"

"रजा टाकली."

"बरं नाही का?"

"बरंय."

"मग?"

"आठ दिवसांची टाकली," ते म्हणाले, जणू मी तेच विचारलं होतं. मग त्यांना राहवलं नाही. "ऑफिसात नुसती खळबळ. तुझे ते काका म्हणाले, शिल्लकराव, ऑपरेशन आहे का? मी म्हटलं, नाही. मग म्हणे, कारणाच्या रकान्यात हे काय लिहिलंय?"

"काय लिहिलंत?"

"मुलगी घरी आहे."

"असं लिहिलंत?"

"ते म्हणाले, हे कारण होत नाही. मी म्हटलं, मग तुम्हाला होतं ते लिहा. तारखा तेवढ्या बदलू नका."

मी उठून टीव्ही लावला. पडदे ओढले, कारण आरोग्यधामात अंधार असतो आणि सकाळच्या उजेडात काही दिसत नाही. कंट्रोलर मी हातात घेऊन बघितला, पण अंगठ्यात जोर नव्हता. बाबांकडे दिला.

आता त्यांनी दुसरंच टोक गाठलं होतं. जरा खरचटलं की पट्टी. वही दिसली की सही. "अहो, नुसतं खरचटलंय!" असं मी ओरडायचे आणि ते "असू दे" म्हणायचे. पुन्हा गोळा केलेल्या चार पेन्सिली दुपारपर्यंत संपल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही आत्तापर्यंत कधी न पाहिलेल्या मजल्यावर पोचलो. मी चेंडू दाबत होते, वाटा सांगत होते, आणि बाबा आता छताकडे बघत नव्हते. डावा अंगठा, उजवा अंगठा, सगळं जमत होतं. या मजल्यावरची शेवटची खोली म्हणजे एक काचेची गच्ची होती. तिच्यात रांगेने आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या, रिकाम्या.

बाबा दारातच थांबले.

"जा ना आत," मी म्हणाले. "डावीकडून."

"ती एकदाच म्हणाली होती," बाबा पडद्याकडे बघत म्हणाले.

"कोण?"

"तुझी आई. म्हणाली, आज जाऊ नका ना कामावर."

चेंडू माझ्या हातात तसाच राहिला. "गेली त्या दिवशी?"

"नाही, नाही. त्याच्या दोन महिने आधी. तिला काही होत नव्हतं तेव्हा. उलट छान वाटत होतं. उन्हात खुर्ची टाकून बसली होती, केस धुतले होते. मी म्हटलं, का गं, दुखतंय का? तर म्हणाली, छे, सहज."

"मग?"

"त्या दिवशी माल यायचा होता."

बाबांचे दोन्ही अंगठे थांबले होते, त्यामुळे तो माणूसही टॉर्च धरून, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत, दारात उभा राहिला. त्याच्या मागे बोळात साहेबांची पावलं वाजू लागली. आधी लांब, मग जवळ. मी बाबांना पळा म्हणाले नाही, लपा म्हणाले नाही. आम्ही दोघं त्या खुर्च्यांकडे बघत बसलो.