शेंदराखालची भेग

सव्वानऊच्या ठोक्याला रूपचंद महाराजांनी आरोळी ठोकली, "आई, ये!" आणि गावच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला टेकवून ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरू लागलं. म्हसावदजवळच्या आमच्या गावात या खांबाला हल्ली आईचं अंग म्हणतात. रोज शेंदराचा नवा लेप, रोज शे-दीडशे माणसं, आणि तीही थेट टाकीखाली. पहिल्या रांगेत माझी बायको निर्मला, दुखरे गुडघे खांबाला लावून. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, ते असं.

महाराजांची आई वेळेची मोठी पक्की. सव्वानऊला थ्री फेज लाइट येते, मोटार आपोआप सुरू होते, आणि वर जाणारा पाइप नेमका याच खांबाला जखडलेला आहे. चमत्कार तेवढाच.

पण आमची भीती वेगळी होती. माझी मुलगी चेतना शहाद्याला कॉलेजात बांधकामाचं शास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिने विद्यार्थ्यांना घेऊन या टाकीची कंपनं मोजली होती. काल तिने पुन्हा यंत्र लावलं. टाकी तेव्हासारखीच भरलेली, मोटार बंद. तेव्हा सेकंदाला दोन हेलकावे होते, आता दीड.

"पप्पा, पाणी तेवढंच आहे. तरी हेलकावे मंदावले, म्हणजे खांबाचा ताठपणा गेलाय. आतून तुटतोय तो."

आज तिने सगळ्यांदेखत मोटार बंद करायला लावली. तांब्यातलं पाणी निवांत झालं. मोटार चालू केली, थरथर परत आली, आरोळीवाचून. मला वाटलं, जिंकलो. मग तिने पत्र्याने शेंदूर खरवडला. आत बोटभर भेग होती आणि गंजलेल्या सळ्या.

"आईनी तोंड उघाडं," महाराज शांतपणे म्हणाले. "आईले भूक लागनी शे."

रांग लागली. लोक भेगेत गूळ कोंबू लागले. "टाकी पडी जाई, बाजूले व्हा," चेतना घसा फोडून सांगत होती. टाकी रिकामी करा म्हटलं, तर सरपंच म्हणाले, "लोके मारतीन माले, मास्तर."

मी निर्मलाचा हात धरला. "घर चाल."

"मन्हा गुडघा आठेच हलका व्हस. तुम्हन्या गोळ्या खाईसन काय व्हयनं? तुम्ही जा."

इथल्या थरथरीने घटकाभर बरं वाटतही असेल, मालिशने वाटतं तसं. तिला खोटं तरी कसं म्हणू?

माझं मागणं साधं आहे. देव माना, नका मानू. पण हलणाऱ्या खांबाखाली बसण्याआधी तो का हलतो, एवढं विचारा. हे मी टाकीखाली बसूनच सांगतोय. निर्मला उठत नाही, आणि मला तिला इथे एकटीला सोडवत नाही.